चौदा मतदारांचे दोन सोबती

कागद दुरेघी वहीचा होता, कडेने नीट फाडलेला. त्यावर चौदा नावं दोन रकान्यांत लिहिली होती. डावीकडे आठ, उजवीकडे सहा. डाव्या रकान्याच्या डोक्यावर ‘कारभारी’ आणि उजव्याच्या डोक्यावर ‘दिनेश’. सकाळचे पावणेसात वाजले होते. मॉक पोलची चाचणी उरकून यंत्रांना सील लावून झालं होतं. तेव्हा दिनेशने तो कागद केंद्राध्यक्षांच्या टेबलावर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पाण्याची बाटली ठेवली.

“हे काय?” केंद्राध्यक्ष गोटीराम भोये यांनी विचारलं.

“म्हाताऱ्यांची यादी, सर. आमची ठरलेली. डावीकडचे कारभारीनाना घेऊन येतील, उजवीकडचे मी आणणार.”

“मत द्यायला?”

“मग काय पाणी भरायला?”

खोलीतले बाकीचे मतदान प्रतिनिधी हसले. भोये हसले नाहीत. त्यांनी बाटली उचलून बाजूला ठेवली, कागद पुन्हा एकदा वाचला, घडी घातली आणि दिनेशच्या हातात परत दिला.

“माझ्या कामाचा नाही हा.”

ही गोष्ट नोव्हेंबर २०२४ची, विधानसभेच्या मतदानाच्या दिवशीची. केंद्र होतं सिन्नरपासून शेअर जीपने पाऊण तासावरच्या एका गावात, शाळेच्या तिसरीच्या वर्गात. गावाचं नाव सांगण्याचं कारण नाही, कारण अशी यादी फक्त तिथेच निघते असं कुणी म्हणत नाही.

गोटीराम काळू भोये तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. दिंडोरी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ते उपशिक्षक आहेत आणि राहायला नाशिकमध्ये म्हसरूळला. मूळ घर पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर. भात आणि नागली चार-पाच महिने पुरायची. उरलेलं वर्ष वडील काळू आणि आई आक्काबाई द्राक्षबागांत मजुरीला जायचे. गोटीराम आश्रमशाळेत राहून शिकले, डी.एड. झाले, नोकरीला लागले. अंगाने किरकोळ, आवाज बारीक. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, त्यातलं एक नेहमी लाल.

निवडणुकीचं काम आलं की पुष्कळ शिक्षकांची पाठ दुखू लागते. कुणाचा रक्तदाब वाढतो, कुणाच्या घरात नेमकं त्याच दिवशी लग्न निघतं. भोयेंनी एकदाही नाव वगळायचा अर्ज केला नाही. या कामाची आवड आहे का, असं विचारलं तर ते म्हणतात, “आवडबिवड काही नाही. ऑर्डर रद्द करायची तर कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं. ते मला जमत नाही.”

प्रशिक्षणाला ते पहिल्या रांगेत बसतात. सभागृहातले निम्मे लोक डुलक्या काढत असताना हात वर करून प्रश्न विचारतात, त्यामुळे जेवणाची सुट्टी लांबते, म्हणून सहकारी त्यांच्यावर चिडतात. त्यांना ‘कलमवाले भोये’ हे नाव तिथेच पडलं. केंद्राध्यक्षांसाठीच्या पुस्तिकेला त्यांनी खाकी कागदाचं कव्हर घातलं आहे, आणि आत खुणेसाठी एस.टी.ची जुनी तिकिटं. पुस्तिकेचा बहुतेक भाग यंत्रं आणि पाकिटांबद्दल आहे. भोयेंची तिकिटं मात्र शेवटच्या काही प्रकरणांत दाटलेली आहेत. बोटंच नसलेल्या माणसाला शाई कुठे लावायची, सही केल्यावर मत द्यायला नाही म्हणणाऱ्याचं काय करायचं, मेलेला म्हणून नोंद झालेला मतदार समोर येऊन उभा राहिला तर त्याला कसं ओळखायचं, अशा गोष्टी तिथे आहेत.

त्यांतल्या काही त्यांना प्रत्यक्ष भेटल्या. वणीच्या बाजूला एका मतदाराचे दोन्ही हात कोपरापासून नव्हते. शाई कुठे लावणार यावर प्रतिनिधींनी चर्चासत्र भरवलं. भोयेंनी पान काढून दाखवलं, हाताचा जो शेवट असेल तिथे लावायची, आणि लावली. येवल्याजवळ २०१९ साली पैठणी विणणारी एक बाई दुपारी चारला आली, तर तिच्या नावापुढे आधीच कुणीतरी सही करून गेलेलं. प्रतिनिधी म्हणाले, “ताई, झालं तुमचं.” तिने शाई नसलेलं बोट सगळ्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. भोयेंनी तिला प्रश्न विचारून ओळख पटवली आणि प्रदत्त मतपत्रिकांचं, म्हणजे नावावर आधीच मत पडलेल्यांसाठीच्या कागदी मतपत्रिकांचं, पाकीट उघडलं. हे पाकीट शंभरातल्या नव्व्याण्णव केंद्रांवर जसंच्या तसं परत जातं. त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं की हे मत वेगळ्या पाकिटात जाईल आणि कोर्टाने सांगितल्याशिवाय कुणी मोजणार नाही.

“नका मोजू,” ती बाई म्हणाली. “पण माझ्या नावावर दुसरी मारून गेली आणि मी मुकाट घरी गेले, असं व्हायचं नाही.”

तिने कागदावर शिक्का मारला. ते पाकीट पुढे कुणी उघडलं की नाही, भोयेंना माहीत नाही.

सिन्नरकडच्या त्या गावातली यादी मात्र कुठल्याही तिकिटाखाली सापडणारी नव्हती, कारण पुस्तिका असं धरून चालते की गडबड झाली तर निदान एक बाजू तरी तक्रार करेल. इथे दोन्ही बाजू एक होत्या.

गावात दोन गट. एक कारभारी यांचा. ते माजी सरपंच, वय साठच्या पुढे, सगळे त्यांना नाना म्हणतात. दुसरा दिनेशच्या वडिलांचा. ते वारल्यावर चाळिशीतला दिनेश त्यांच्या जागी आला. बारा-तेरा वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या मतदानाला एका म्हाताऱ्या माणसाला दोन्ही गटांनी दोन हातांना धरून ओढलं. त्याचा खांदा निखळला, मग डोकी फुटली, दोन्हीकडच्या पोरांवर केसेस झाल्या. त्यानंतर देवळात बैठक झाली आणि ठरलं की पुन्हा भांडण नको. वरच्या वस्तीतले म्हातारे नानांचे, खालच्या वस्तीतले दिनेशच्या घरचे. ज्याचे त्याने न्यायचे, ज्याने त्याने बटण दाबायचं, दुसऱ्याने हूं की चूं करायचं नाही. दरवेळी मतदानाच्या आधी यादी नव्याने लिहायची. कोण वारलं, कोण नव्याने म्हातारं झालं, ते पाहून.

कायद्याची अडचण त्यांना माहीत होती. आंधळा किंवा अपंग मतदार स्वतः मत देऊ शकत नसेल तर अठरा वर्षांवरचा एक सोबती आत नेऊ शकतो. पण एका माणसाला एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती होता येतं. त्याच्याकडून तसं घोषणापत्र लिहून घेतात आणि त्याच्या उजव्या हाताच्या बोटालाही शाई लावतात. गावाने यावर तोड काढली होती. घोषणापत्रावर दरवेळी वेगळ्याच पोराची सही घ्यायची, शाईही त्यालाच लावायची, आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे मात्र नाना नाहीतर दिनेश जायचे. आधीच्या केंद्राध्यक्षांनी ते चालवून घेतलं होतं. आक्षेप नाही, आरडाओरडा नाही, पोलिसांना काम नाही. पंच्याऐंशीच्या पुढच्यांना त्या वर्षी घरून मत द्यायची सोय होती. त्यासाठी आधी अर्ज भरावा लागतो. या गावातून एकही अर्ज गेला नव्हता.

गावाला या व्यवस्थेचा अभिमान होता. दिनेशने भोयेंना तो सकाळीच ऐकवला. “आख्ख्या तालुक्यात आमच्याइतकं शांत मतदान कुठं होत नाय, सर. विचारा कुणाला.”

“चौदा माणसं गप्प बसवली की शांतता होतेच,” भोये म्हणाले.

शेजारी मतदार यादी घेऊन मोहिनी ताजणे बसल्या होत्या. त्या पहिल्या क्रमांकाच्या मतदान अधिकारी, एरवी कृषी खात्यात लिपिक. त्या हळूच म्हणाल्या, “सर, सगळ्यांचं एकमत आहे. तक्रार करणारंच कुणी नाही.”

“मॅडम, तेच तर वाईट आहे.”

“मला संध्याकाळी घरी जायचंय, इतकंच म्हणते.”

साडेदहाच्या सुमारास पिकअप आली. मागच्या बाजूला सतरंजी टाकून सात-आठ म्हातारी माणसं बसवली होती. कारभारीनाना पुढच्या सीटवरून उतरले. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, खिशात चष्मा. त्यांनी सगळ्यात आधी धोंडाबाईंना उतरवलं. त्या नानांच्या चुलती. वय त्यांच्या कार्डावर त्र्याऐंशी. काचबिंदूने दोन्ही डोळे जाऊन वीस वर्षं झालेली. नानांनी त्यांचा दंड धरून त्यांना रांगेच्या पुढून थेट आत आणलं. मागून यादीतले बाकीचे.

भोये खुर्चीतून उठले. “नाना, बसा. सगळ्यांना बाकावर बसवा. एकेकाशी मी बोलतो.”

“बोलायचं काय त्यात? दिसत नाय, चालता येत नाय.”

“या बाबांना दिसत नाही?”

“याला दिसतं. पण म्हातारा हाय.”

“म्हातारं असणं हा नियमात आजार नाही. ज्यांना दिसतं आणि ज्यांचा हात चालतो, ते स्वतः आत जातील. ज्यांना खरंच जमत नाही, त्यांनी आपला सोबती आपण सांगायचा. आणि एका सोबत्याला एकच मतदार. सही करेल तोच आत जाईल.”

दिनेश प्रतिनिधींच्या बाकावरून उठला. “ओ सर, दोन्ही पार्ट्या तयार हायेत. तुम्हाला काय त्रास?”

“मला त्रास नाही. मी या खोलीचा केंद्राध्यक्ष आहे.”

“कुठले तुम्ही?”

“पेठकडचा.”

“तरीच,” दिनेश बाकीच्यांकडे वळून म्हणाला. “तिकडं डोंगरात नागली खाऊन मतं टाकतात. त्यांना इकडचं काय कळतंय!”

“नागली खाऊनच टाकतो,” भोये म्हणाले. “पण ज्याची त्याने टाकतो. खाली बसा. मतदान चालू असताना प्रतिनिधीने उभं राहून बोलायचं नाही.”

दिनेश बसला, पण त्याने फोन लावला होताच. केंद्राध्यक्षांशिवाय कुणालाही फोन आत आणायला बंदी होती. भोयेंनी त्याला फोनसकट बाहेर काढलं आणि परत येताना फोन बाहेर ठेवून यायला सांगितलं. तोवर क्षेत्रीय अधिकाऱ्यांचा फोन भोयेंना आला. दहा केंद्रं ज्यांच्या हाताखाली असतात ते हे अधिकारी. दुसऱ्या गावात यंत्र बदलण्याच्या गडबडीत होते.

“भोये, काय लावलंय? मतदान थांबलंय म्हणे.”

“थांबलं नाही, साहेब. सावकाश चाललंय.”

“अहो, गावाची एक पद्धत असते. थोडं समजून घ्या. लिहायचं ते लिहा आणि पुढे व्हा.”

“पद्धतीने करा असा लेखी आदेश द्या, साहेब. मी डायरीला लावतो आणि लगेच करतो.”

“लेखी कसं देणार?” अधिकारी म्हणाले, आणि फोन ठेवला.

बाहेरची रांग एव्हाना वाढली होती. कुणीतरी ओरडलं, “मास्तर, शाळा कवा सुटणार?” हशा झाला. मोहिनीताईंनी वर न बघता पुढच्या मतदाराचं नाव पुकारलं. नाना मात्र तापले नव्हते. आयुष्यभर पंचायतीत मुरलेला माणूस. एक पाऊल कधी मागे घ्यायचं, हे त्यांना कळतं.

“बरं, गुरुजी,” ते म्हणाले. “एक तर एक. धोंडाकाकूला मी नेतो. माझी सही घ्या, माझ्या बोटाला शाई लावा. बाकीच्यांचं मग पाहू.”

यात गैर काही नव्हतं. धोंडाबाईंना दिसत नव्हतं, नाना अठराच्या वर होते आणि त्या दिवशी अजून कुणाचे सोबती झाले नव्हते. भोयेंनी घोषणापत्राचा कागद काढला, पण भरला नाही. ते धोंडाबाईंपुढे जाऊन वाकले.

“आजी, मी इथला साहेब. तुम्हाला आत सोबती हवा का?”

“हवाय तिला,” नाना म्हणाले.

“मी त्यांना विचारतोय.”

“तिला काय इचारता? माझी आई मेल्यावर हिनं मला वाढवलं. ती सांगंल तेच मी दाबणार. मी काय फसवीन हिला?”

भोये सरळ उभे राहिले. नंतरच्या तक्रारीत ‘केंद्राध्यक्षांनी मतदारांसमोर भाषण केले’ असं जे लिहिलं आहे, ते यापुढचं. मोहिनीताई सांगतात, भाषण नव्हतं, अर्ध्या मिनिटात संपलं.

“तुम्ही फसवाल असं मी म्हणत नाही, नाना. मी फसवलंय. माझ्या बाला. त्याचे डोळे गेले होते. नव्व्याण्णव साली मी वीस वर्षांचा, कॉलेजात. सोबती म्हणून आत गेलो. तेव्हा कागद आणि शिक्का होता. बाने कानात चिन्ह सांगितलं. मला वाटलं, बाला काय कळतंय. मी दुसरीकडे शिक्का मारला, कागदाची घडी घातली आणि त्याच्याच हाताने पेटीत टाकायला लावला. त्यानंतर चार वर्षं तो जगला. आपण मत कुणाला दिलं ते गावभर सांगत होता. मी ऐकत होतो.”

दिनेश दारात उभा होता. रांगेतल्या कुणीतरी घसा खाकरला.

“म्हणून विचारतो, आजी,” भोये म्हणाले. “सोबती पाहिजे असेल तर नाना चालतील. कायद्याने चालतील. तुम्ही सांगा.”

धोंडाबाईंनी मान भोयेंच्या आवाजाकडे वळवली. त्या आयुष्यभर मळ्यात राबलेल्या. मेथी आणि कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या, पहाटे टेम्पोत चढवायच्या. डोळे गेल्यावरही जुड्या बांधायचं त्यांनी सोडलं नव्हतं.

“बटन कुठं असतं?” त्यांनी विचारलं.

“काकू...” नाना म्हणाले.

“तू थांब रे. साहेब, बटन कुठं असतं?”

मतदारांना समजावण्यासाठी पुठ्ठ्याचं नकली मतदान यंत्र केंद्राला मिळतं. भोयेंनी ते पिशवीतून काढून धोंडाबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांचं बोट धरलं नाही. बटणं पुठ्ठ्याच्या उजव्या कडेला वरून खाली आहेत, एवढं सांगितलं. त्यांनी आपणच चाचपली. बटणाशेजारी ठिपक्यांच्या लिपीत आकडे असतात, पण ती लिपी धोंडाबाईंना येत नव्हती, आणि गावात कुणालाच येत नव्हती. मग भोयेंनी उमेदवारांची यादी हातात घेतली. सहा उमेदवार आणि सातवं ‘यांपैकी कोणीही नाही’. पहिल्यापासून सातव्यापर्यंत, नाव आणि चिन्ह, शाळेत हजेरी घेतात तशा एका सुरात वाचलं.

“ही काय शिकवणी लावली का?” दिनेश म्हणाला.

“शिक्षकच आहे मी. तुम्हीही ऐका. एखादं नाव जोरात वाचलं किंवा हळू वाचलं असं वाटलं तर आक्षेप लिहून द्या.”

“ते पिवळ्या...” धोंडाबाई काहीतरी विचारू लागल्या.

“आजी, कोणतं पाहिजे ते तोंडाने बोलायचं नाही. मला पण सांगायचं नाही. मी पुन्हा सगळी वाचतो.”

त्यांनी पुन्हा सातही वाचली. धोंडाबाई ओठांतल्या ओठांत मोजत होत्या, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत. दुसऱ्या वेळी वाचून झाल्यावर त्यांनी पुठ्ठा बाजूला सारला. “आणखी एकदा,” त्या म्हणाल्या. भोयेंनी तिसऱ्यांदा वाचली.

शाई लावली, अंगठा घेतला. तिसऱ्या अधिकाऱ्याने कंट्रोल युनिटचं बटण दाबून यंत्र मतासाठी मोकळं केलं. भोयेंनी धोंडाबाईंना आडोशाच्या कडेपर्यंत आणलं, त्यांचा हात टेबलाच्या काठावर ठेवला आणि पाच पावलं मागे येऊन पाठ फिरवून उभे राहिले.

एक मिनिट गेलं. दोन गेली. आडोशामागून बांगड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला.

“ती तिथंच उभी राहील संध्याकाळपर्यंत,” नाना म्हणाले, आणि पुढे निघाले. भोये त्यांच्या वाटेत आले.

“आत मतदार आहे, नाना.”

“माझी चुलती हाय ती!”

“आत्ता ती कुणाची कुणी नाही.”

नाना त्यांच्याहून वीतभर उंच. दोघांच्या मध्ये हातभर जागा. पोलीस शिपाई दाराशी आला, भोयेंनी हातानेच त्याला थांबवलं. तिसरं मिनिट संपलं. कंट्रोल युनिटची लांब शिट्टी वाजली, ती बाहेरच्या ओट्यापर्यंत ऐकू गेली.

“पडलं का?” आतून धोंडाबाईंनी विचारलं.

“पडलं, आजी. या बाहेर.”

त्या भिंतीला हात लावत बाहेर आल्या. नानांनी त्यांचा दंड धरला आणि ओट्यावर पोचेपर्यंतही त्यांना धीर निघाला नाही. दारातच हळू आवाजात विचारलं, “कुणाला टाकलं, काकू?”

“तू कुणाला टाकलं?”

“माझं सोड. तुझं सांग.”

“इतकी वर्सं तू माझं दाबत व्हता. मी कधी इचारलं का?”

ओट्यावरच्या बायका मोठ्याने हसल्या. नाना त्यांच्याकडे बघून म्हणाले, “दात काढायला काय झालं?” पण त्यांनी चुलतीचा दंड सोडला नाही. तिला पिकअपपर्यंत नेऊन बसवलं आणि वर पाणी दिलं.

उरलेले तेरा; दिनेशच्या यादीतलेही एव्हाना आले होते. भोयेंनी एकेकाला समोर घेऊन विचारलं. त्यांतल्या आठ जणांना दिसत होतं, हात चालत होते; त्यांना कुणीतरी म्हातारं ठरवलं होतं, एवढाच त्यांचा आजार. ते एकटे आत गेले. त्यातल्या एका आजोबांनी बाहेर येऊन दुसऱ्याला सांगितलं, “काय नाय रे, घंटीच हाय. दाबली का वाजती.” तिघांना सोबती लागला. एकीने सून घेतली. लंकाबाई नावाच्या आजींनी एकोणीस वर्षांची नात सृष्टी हिला नेलं. बाहेर आल्यावर सृष्टी उजवं बोट वर करून मिरवत होती, कारण आता तिच्या दोन्ही हातांना शाई होती. अर्धांगवायू झालेल्या एका म्हाताऱ्याने मात्र सगळ्यांसमोर सांगितलं, “मला कारभारीच पाहिजे.” नानांनी सही केली आणि त्यांच्या उजव्या बोटाला शाई लागली. दिनेशला कुणीच मागितलं नाही. मोहिनीताईंनी त्याला विचारलं, “तुम्हाला शाई नको ना?” तो म्हणाला, “तुम्ही पण चालू करा आता.”

हे धरून बारा झाले. उरलेले दोघे, खालच्या वस्तीतले नवरा-बायको, त्यांचा नंबर येण्याआधीच दिनेशच्या माणसांनी मोटारसायकलवर परत नेले. सहा वाजेपर्यंत ते आले नाहीत. भोयेंनी चारला गावच्या बीएलओला, म्हणजे मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला, त्यांच्या घरी पाठवलं, तर दाराला कडी होती. ती दोन मतं गेली. त्या दिवसातलं काय चुकलं असं विचारल्यावर भोये एवढीच गोष्ट सांगतात. “आधी वस्तीवर जाऊन भेटायला हवं होतं. आदल्या दिवशी वेळ होता. मी पाकिटं लावत बसलो.”

संध्याकाळी मतांच्या हिशेबाच्या नमुन्याची प्रत घ्यायला दोन्ही गटांच्या प्रतिनिधींनी नकार दिला. भोयेंनी डायरीत तसं लिहिलं, वेळ टाकली, सही केली.

तीन आठवड्यांनी कारणे दाखवा नोटीस आली. तक्रार संयुक्त होती. एकाच कागदावर दोन्ही गटांच्या सह्या होत्या. सह्यांची अशी जोडी गावात बऱ्याच वर्षांत दिसली नव्हती. आरोप दोन होते. सकाळी साडेदहा ते साडेअकरा या वेळात मतदानाला अवास्तव विलंब झाला, आणि केंद्राध्यक्षांनी मतदारांसमोर भाषण करून त्यांच्यावर प्रभाव टाकला. सात दिवसांत खुलासा द्या.

सहकाऱ्यांनी भरपूर सल्ले दिले. मुख्याध्यापक म्हणाले, “दोन ओळी दिलगिरीच्या लिहा, भोये, विषय संपतो.” संघटनेच्या पदाधिकाऱ्याने मजकुराचा नमुनाच पाठवला, त्यात ‘अनवधानाने’ हा शब्द तीनदा होता. भोयेंच्या बायकोने, मीनाने, नमुना वाचून विचारलं, “तुम्ही अनवधानाने केलं का?” ते नाही म्हणाले. “मग हे कशाला पाठवलंय त्याने?” तिने कागद फडताळावर ठेवून दिला.

खुलासा त्यांनी हाताने लिहिला, दीड पान. दुसऱ्या आरोपाबद्दल त्यांनी लिहिलं की आपण कुठल्याही उमेदवाराचं किंवा पक्षाचं नाव घेतलं नाही, स्वतःच्या एका जुन्या अपराधाबद्दल बोललो, आणि तो अपराध कायद्यात बसत असेल तर त्याचीही चौकशी व्हावी. नियमांचे क्रमांक दिले, चौदा मतदारांपैकी कोण कसं मत देऊन गेलं त्याचा तक्ता जोडला. पहिल्या आरोपाला उत्तर दोन वाक्यांत होतं.

‘सदर वेळेत मतदानास विलंब झाला हे खरे आहे. सदर वेळेत मतदार स्वतः मतदान करीत होते.’

निवडणूक कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी तो खुलासा भोयेंच्या समोर वाचला. ते चांगले गृहस्थ, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. त्यांनी चष्मा काढला.

“भोये, बाकी सगळं ठीक आहे. ‘स्वतः मतदान करीत होते’ हे वाक्य काढा. वर बसलेल्यांना ते टोमणा वाटेल.”

“टोमणाच आहे, साहेब.”

“मग काढा ना. तिथे ‘दिलगीर आहे’ लिहा. आत्ता, इथेच. मी फाइल बंद करतो.”

अधिकाऱ्यांनी पेन पुढे केलं. भोयेंनी ते घेतलं नाही.

“दिलगीर आहे, पण त्या दोघांबद्दल, जे घरी बसले. ते लिहू का?”

“ते कुणी विचारलेलं नाही.”

“मग राहू दे आहे तसंच.”

भोयेंनी कागद उचलून शेजारच्या टेबलावर नेला. आवक नोंदवही सांभाळणाऱ्या बाईंसमोर ठेवला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. बाईंनी शिक्का मारला, तारीख टाकली, नंबर दिला. फाइल अजून बंद झालेली नाही, आणि वाक्यही तिथेच आहे.